चार नंबरचे दिवस

काकांची दुनळी गेल्या महिन्यात विकली. परवाना पुढे चालवायला घरात कुणी तयार नव्हतं. बरंच झालं म्हणायचं. १९७२च्या कायद्याने शिकारीला वेसण घातली आणि १९९१च्या दुरुस्तीने उरलंसुरलं दारही लावून घेतलं. त्यानंतर निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर घरी यायची, एवढाच तिचा प्रवास. सांगण्यासारखं आहे ते साठचं दशक.

तेव्हा राई-मुर्ध्याच्या मिठागरांवर हिवाळ्यात थापटे आणि तलवार बदकं उतरत. पहाटे निघताना काका आधी काडतुसं निवडत. नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक. पाणलाव्याला आठ नंबर, तित्तिराला सहा, बदकाला चार. डुकराला एस.जी., म्हणजे नऊ टपोरे छर्रे, एल.जी.त तर सहाच. कागदी काडतुसं खाडीच्या दमट हवेत फुगत, नळीत बसत नसत, म्हणून त्यांचा मुक्काम बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.

जव्हारकडे हाक्याला रायफलवाले येत. ३०३ लष्करी म्हणून इतरांना बंद, त्यामुळे ३१५ बोअर. तिच्यात मऊ टोकाची गोळी घालायची. ती अंगात शिरून पसरते आणि जनावर जागीच बसतं. पूर्ण कठीण कवचाची गोळी गव्यासारख्या जाड कातड्यासाठी. तीच सांबराला मारली तर आरपार जाते आणि जनावर रक्त सांडत रानभर फिरतं. जखमी जनावर टाकून घरी परतणाऱ्याला काका पुन्हा बरोबर नेत नसत.

याउलट रविवारी मोटारीने येणारे हौशी बहाद्दर! अख्ख्या थव्यावर एल.जी. झाडायचे. पंख मोडलेलं बदक तिवरांत पडलं की चिखलात उतरून शोधणार कोण? त्यांच्यातलेच एक गृहस्थ पुढे निसर्गप्रेमावर व्याख्यानं देऊ लागले. मी पहिल्या रांगेत होतो. टाळी वाजवली नाही.

शिकार बंद झाली हे योग्यच झालं. पण मारायचंच तर तडफडवायचं नाही, ही शिस्तही तिच्याबरोबर गेली. मारणारे मात्र राहिले. आता डुकरासाठी क्लच वायरची फासकी लावतात, गावठी बॉम्ब पेरतात, कुंपणात चोरून वीज सोडतात. काडतुसाला नंबर होता, बंदुकीला परवाना होता; फासकीला दोन्ही नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेत कोकणात बिबटे कमरेला अडकून मेलेत. या मरणाला कुणी शिकार म्हणत नाही, म्हणून त्याची लाजही कुणाला वाटत नाही.

येऊरला, तुंगारेश्वरला फिरायला जाता ना? झुडपाच्या बुंध्याशी तारेचं वेटोळं दिसलं, तर फोटो काढून पुढे जाऊ नका. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक तिथेच उभं राहून लावा.