रिळावरची अक्षरे घासू नका

माळ्यावरची जुनी पेटी उघडावी आणि तिच्यातून बशीएवढे धातूचे एक चाक निघावे. बाजूला छोटी मूठ, खाली चपटी पट्टी, आणि फिरवले की कर्रकर्र आवाज. पुष्कळ घरांत त्याला घड्याळाचा भाग समजतात, कुणी शिवणयंत्राचा म्हणतात. मुले दोन दिवस खेळतात आणि तिसऱ्या दिवशी ते भंगारवाल्याच्या तराजूत जाते.

वाचकहो, ते गळाने मासे धरण्याचे रीळ असू शकते. गळाच्या काठीला खालची पट्टी बसवायची आणि चाकावर दोरी गुंडाळायची. मासा ओढू लागला की दोरी सुटते, दमला की मूठ फिरवून त्याला काठाशी आणायचे.

आपल्या मुलखात अशी रिळे आली ती इंग्रजी अमदानीत. साहेब लोकांना नद्यांतल्या महासीर माशाचे मोठे वेड. मद्रास इलाख्यातील एक अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांनी तर १८७३ साली या छंदावर ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तकच लिहिले. विलायतेस परतताना साहेब एखादी वस्तू खानसाम्याला नाहीतर मुकादमाला देऊन जाई. ती मग पिढ्यान्‌पिढ्या पेटीत पडून राही.

आमच्या पाहण्यातल्या एका घरी अशा रिळावरून वाटणीच्या वेळी बोलाचाली झाली. थोरल्या घराचे म्हणणे, साहेबाने ते पणजोबांना दिले, म्हणून थोरल्यांकडे राहावे. धाकटे म्हणत, ते आमच्या आजोबांना मिळाले. आजींनी दर खंडेनवमीला ते राखेने घासून पूजेत ठेवलेले. त्यामुळे पाठीवरची अर्धी ओळ पुसून गेली होती. उरलेली अक्षरे शाळकरी नातीने वाचली, ‘लेट किंग जॉर्ज’, आणि पुढे पाचचा रोमन आकडा. ‘लेट’ म्हणजे कैलासवासी! पाचवा जॉर्ज वारला जानेवारी १९३६ मध्ये. म्हणजे रीळ त्यानंतरचे. पणजोबा तर १९३१ सालीच गेलेले. वाद तिथेच मिटला. तेवढा ‘लेट’ शब्द राखेत गेला असता, तर निकाल उलटा लागला असता.

म्हणून सांगावेसे वाटते, की अशी वस्तू हाती आली तर आधी वाचा, मग काय ते ठरवा. काय वाचायचे?

पहिले, कारखान्याचे नाव आणि गाव. त्या राजाचे नाव कोरणारी हार्डी ब्रदर्स ही पेढी इंग्लंडच्या उत्तरेकडील ॲनिक गावची. १८७२ साली बंदुकांच्या दुकानापासून तिची सुरुवात झाली. तिच्या काही जुन्या रिळांवर काठी धरलेल्या हाताचे चित्र असते. ऑलकॉक हे नाव दिसले तर गाव रेडिच, सुया आणि गळ यांसाठी प्रसिद्ध असलेले.

दुसरे, देशाचे नाव. देश बदलतात, तसे शिक्के बदलतात. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर वस्तू १९४९ ते १९९० या काळातली. ‘ऑक्युपाइड जपान’, म्हणजे परक्यांच्या ताब्यातले जपान, असे असेल तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरची पण १९५२ च्या पुढची नव्हे.

तिसरे, पेटंटचा आकडा. ब्रिटनमध्ये १९१५ पर्यंत दरवर्षी नव्याने एकपासून मोजणी होई. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून साल कळत नाही. १९१६ पासून १,००,००१ या आकड्याने सलग मोजणी सुरू झाली. म्हणून ब्रिटिश पेटंटचा आकडा लाखाच्या वर असेल तर रीळ १९१६ च्या आधीचे नाही. मात्र पेटंट मिळाल्यावर तोच आकडा कित्येक वर्षे छापत, हे विसरू नये.

चौथे, गुप्त अक्षरे. आपले जुने व्यापारी मालावर खरेदीची किंमत सांकेतिक अक्षरांत लिहीत, तसलाच प्रकार अमेरिकेच्या शेक्सपीअर कंपनीने केला. के, एल, आर, आय, जी, ई, एस, यू, ओ ही अक्षरे म्हणजे क्रमाने एक ते नऊ, आणि एच म्हणजे शून्य. ‘मॉडेल’ शब्दाजवळ जी आणि ई दिसले, की छप्पन्न, म्हणजे १९५६ साल समजावे.

आता वाचण्याची रीत. चिंच, राख, रांगोळी, पॉलिश कागद, काही लावू नका. मऊ कोरड्या कापडाने धूळ तेवढी पुसा. संध्याकाळी बॅटरीचा उजेड आडवा पाडा, बुजलेली अक्षरे उठून दिसतात. तरीही दिसली नाहीत, तर वर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल हलक्या हाताने फिरवा. मुले नाण्यावर करतात ना, तसेच. खालच्या पट्टीची टोके कुणी कानशीने घासली आहेत का, मूठ बदलली आहे का, हेही पाहा. अशाने मोल कमी होते. जुन्या खोक्याला आणि चामडी पिशवीलाही किंमत असते. ती चुलीत घालू नका.

एक इशारा. प्रत्येक जुने रीळ लाखमोलाचे नसते. ‘तुमची वस्तू मोठ्या किमतीला विकून देतो, आधी थोडे पैसे पाठवा’ असे सांगणाऱ्याला दारातूनच रामराम करा.

हार्डींच्या कित्येक रिळांच्या आत, सहसा न दिसणाऱ्या जागी, ते जुळवणाऱ्या कारागिराची आद्याक्षरे ठोकलेली असतात. आपण तरी काय करतो? लेकीच्या लग्नात दिलेल्या घागरीवर नाव आणि तारीख घालून घेतोच ना! मग जरा उठा आणि आपल्याच मांडणीवरची जुनी भांडी उजेडात धरून पाहा. ती कुणाची, कधीची, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत लिहून ठेवा. घासून घासून अक्षरे जातील, आणि सांगणारी माणसेही.