दिवा लागतोय, तरी गाडी म्हणते गेला

बारामतीहून इंदापूरकडे निघालो होतो. दिवेलागण होऊन गेली होती. सणसर मागे पडलं. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. त्याला ओलांडायचं म्हणून उजवा इंडिकेटर दिला आणि बिघाड डोळ्यांआधी कानांना कळला. रोजची सावकाश टिकटिक दुप्पट वेगाने पळत होती. पाठोपाठ मीटरमध्ये बल्बचं पिवळं चिन्ह उमटलं. ओलांडायचं राहू दिलं, गाडी कडेला घेतली. धाकटा भाऊ उतरून मागे गेला आणि तिथूनच ओरडला, “दादा, लागतोय की! आधीपेक्षा झक्क लागतोय.”

दोनच दिवसांपूर्वी मागचे इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि नंबरप्लेटचे बल्ब काढून तिथे एलईडी बसवून घेतले होते. उजेड जास्त, बॅटरीवर भार कमी, वर्षानुवर्षं बघायला नको, असं ऐकलं होतं आणि त्यातलं बरंचसं खरंही आहे. मग दिवा ढळढळीत लागलेला असताना गाडी तो गेल्याचं का सांगत होती? पुढचे आठ-दहा दिवस मी वायरमनच्या दुकानात, अंगणात मल्टीमीटर घेऊन आणि वहीत आकडेमोड करत या प्रश्नामागे होतो.

दिवा लागला की नाही हे गाडी पाहत नाही. त्या दिव्याकडे किती करंट गेला, एवढंच ती मोजते. आजच्या गाडीत हे काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाचा छोटा संगणक करतो. दिव्याच्या वायरवर त्याचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. तो करंट सोडतो आणि किती सोडला ते मॉड्यूलला कळवतो. आता हिशेब पाहा. नेहमीच्या गाडीत एका बाजूला पुढचा इंडिकेटर 21 वॅटचा, मागचा 21 वॅटचा आणि आरशाजवळचा छोटा 5 वॅटचा. बेरीज 47 वॅट. तिला 12 व्होल्टने भागलं की सुमारे 3.9 अँपिअर येतात. यातला एक मोठा बल्ब उडाला तर उरतात 26 वॅट, म्हणजे साधारण 2.2 अँपिअर. या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी गाडी बनवणाऱ्याने एक रेघ मारून ठेवलेली असते. करंट तिच्याखाली गेला की बल्ब गेला असं धरायचं. माझ्या गाडीत मागे 21 वॅटच्या जागी 3 वॅटचा एलईडी आला होता. बेरीज 29 वॅट, करंट 2.4 अँपिअर. गाडीच्या हिशेबात मागचा बल्ब गेलाच होता. जो गुण बघून एलईडी घेतला, त्या कमी खाण्यामुळेच गाडीला तो दिसेनासा झाला.

टिकटिक पळण्यामागेही विचार आहे. जुन्या गाड्यांत इंडिकेटर मिचकावणाऱ्या फ्लॅशरमधली पट्टी किंवा तार दिव्यांच्या करंटनेच तापायची, वाकायची, निवायची आणि त्यातून उघडझाप व्हायची. एक बल्ब कमी झाला की करंट घटून तिची चाल बिघडायची. चालकाला मागे न जाताच कळायचं. पुढे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आले, त्यांना चाल बदलण्याची गरज उरली नव्हती, तरी ही खूण मुद्दाम ठेवली गेली. दिव्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत इंडिकेटरची उघडझाप मिनिटाला 60 ते 120 वेळा असावी असं आहे. आणि एखादा इंडिकेटर बंद पडला तर चालकासमोरचा दिवा विझावा, न मिचकता लागून राहावा किंवा त्याचा वेग लक्षात येण्याइतका बदलावा, हेही आहे. सणसरपुढे मला जे ऐकू आलं, ते या नियमाचं काम होतं.

इथवर सरळ वजाबाकी आहे. खरी गंमत यापुढे आहे, दिवा बंद असताना.

कित्येक गाड्या दिवा न लावताही बल्बची विचारपूस करतात. मॉड्यूल वायरवर क्षणाच्या अगदी छोट्या अंशाइतका करंट सोडतो आणि परत काय कळतं ते बघतो. बल्बची तार टंगस्टनची. ती पूर्ण तापलेली असते तेव्हा 21 वॅटच्या बल्बचा रोध सुमारे 7 ओहम असतो, 12 व्होल्ट आणि 1.75 अँपिअरवरून तो लगेच काढता येतो. थंड तारेचा रोध मात्र याच्या जवळपास दहाव्या हिश्शाइतकाच. मी मल्टीमीटर लावून थंड बल्ब मोजला तेव्हा एक ओहमच्याही आत आकडा आला आणि बराच वेळ वाटलं की मीटरच बिघडलाय. या कमी रोधामुळे त्या निसटत्या क्षणात थंड बल्ब भरपूर करंट घेतो, पण तार तापायला वेळच मिळत नाही, म्हणून उजेड दिसत नाही. एलईडीला तापावं लागत नाही. करंटचा तो तुकडा पोहोचताच एलईडी एक लाखांश सेकंदही न दवडता पेटतो. गाडी बंद करून कुलूप लावल्यावर मॉड्यूल झोपी जाईपर्यंत काही मिनिटं जातात, तेवढ्या वेळात ही विचारपूस चालू राहिली तर नंबरप्लेटचा एलईडी अंधारात मंद मिचकत राहतो. शेजारच्या काकूंनी मला विचारलंच होतं, “तुमच्या गाडीपाशी रात्री काय लुकलुकतं हो?”

बल्ब आळशी असतो आणि एलईडी चपळ, या एका फरकातून आणखी एक खोड निघते. इंजिन चालू असताना गाडीत 14 व्होल्टच्या आसपास दाब असतो. बल्ब लवकर उडू नये म्हणून काही गाड्या त्याला करंट सलग न देता सेकंदाला शंभर-दोनशे तुकड्यांत देतात. तापलेली तार मधल्या फटीत निवत नाही, म्हणून बल्ब सलग दिसतो. एलईडी प्रत्येक फटीत विझतो आणि थरथरतो.

बाजारात यावर उपाय म्हणून ‘कॅनबस बल्ब’ मिळतात. हे नाव मला खटकतं. कॅन ही गाडीतल्या छोट्या संगणकांनी आपसात निरोप देण्याची पद्धत आहे. बॉश कंपनीने ती 1986 मध्ये जगापुढे मांडली. इंजिन, ब्रेक, मीटर यांचे निरोप त्या तारांवरून धावतात. इंडिकेटरच्या होल्डरपर्यंत ती तार बहुधा येतच नाही. तिथे येते एक प्लस आणि एक अर्थ. म्हणजे कॅनबस बल्ब गाडीशी काही बोलत नसतो. त्याच्या पोटात एक रोध बसवलेला असतो, तो उगाच जास्तीचा करंट खातो आणि त्यामुळे रेघ ओलांडली जाते. काहींत कपॅसिटर असतो, त्याने थरथर कमी होते. एवढंच.

हाच रोध बाहेरून, दिव्याला समांतर जोडायचा, हा दुकानांत सर्रास होणारा उपाय. सोनेरी ॲल्युमिनियमच्या खोक्यात बसवलेला, 6 ओहम आणि 50 वॅट असं छापलेला. मलाही तोच सुचवला गेला. पण 6 ओहमवर साडेतेरा व्होल्ट आले की 30 वॅट उष्णता तयार होते. घरात रेडिओ दुरुस्तीला वापरतात ते साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं. इंडिकेटर निम्मा वेळ बंद असतो म्हणून तो तरी निभावतो. ब्रेक लाइटला रोध जोडला आणि कारखान्याच्या गेटापाशी उसाच्या गाड्यांच्या रांगेमागे पाच मिनिटं ब्रेकवर पाय ठेवून थांबलो, तर डिकीच्या प्लास्टिकला एक सोल्डरिंग आयर्न पाच मिनिटं टेकवून ठेवल्यासारखं होईल. म्हणून तो बसवायचाच तर बॉडीच्या पत्र्यावर, वायर आणि प्लास्टिकपासून लांब. एलईडीने वाचवलेली वीज तर त्यात सगळीच जाते.

उष्णतेला तरी पत्रा हा उतारा आहे. या रोधाची दुसरी बाजू मला जास्त घोर लावते. तो दिव्याला समांतर आहे. उद्या एलईडी खरोखर उडाला, त्याची अर्थ वायर गंजून तुटली, तरी रोध आपला करंट खातच राहणार. मॉड्यूल करंट मोजणार, आकडा रेघेच्या वर असणार आणि मीटर स्वच्छ दिसणार. म्हणजे मागचा दिवा बंद, गाडी मात्र सगळं ठीक असल्याचं सांगणार, आणि तेही कायमचं. एलईडीसाठी मिळणारा फ्लॅशर, जो वेगळ्या रिलेच्या गाड्यांत बसतो, तोही भार कितीही असो एकाच चालीने वाजतो. टिकटिक सुधारते आणि पहारा उठतो.

ज्याने या रस्त्यांवर गळीत हंगामात रात्री गाडी चालवलीय त्याला मागच्या दिव्याचं मोल सांगायला नको. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर. एका दिवसाच्या फेरीत मावतील एवढ्या जवळ हे सगळे साखर कारखाने. दिवाळीनंतर ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. ट्रॉलीच्या मागे दिवा असेलच असं नाही, असला तर जोडलेला असेलच असं नाही. उसाचे वाढे लोंबून रिफ्लेक्टरही झाकतात. अंधारातली ट्रॉली दिसून मी अचानक ब्रेक दाबला, तर मागून येणाऱ्याला सगळं काही माझ्या दोन लाल दिव्यांतूनच कळायचं असतं. त्यातला एक बंद आहे हे मला कळण्याची एकमेव सोय त्या पिवळ्या चिन्हात आहे. दोनशे रुपयांच्या रोधाने तिचं तोंड बांधायला माझं मन होईना.

एलईडीविषयी माझ्या मनात अढी नाही. ब्रेक लाइट म्हणून तो सरसच आहे. साध्या बल्बला पूर्ण उजेड द्यायला सुमारे 0.2 सेकंद लागतात, एलईडीला लागतच नाहीत. ताशी 80 किलोमीटर वेगाने मागची गाडी 0.2 सेकंदांत जवळपास साडेचार मीटर पुढे येते. एका छोट्या गाडीच्या लांबीपेक्षा हे अंतर जास्त आहे. म्हणूनच कंपनीतून एलईडी घेऊन येणाऱ्या दिव्यांचं मला कौतुक वाटतं. तिथे दिवा, त्याची पट्टी, परावर्तक आणि मॉड्यूलमधली रेघ एकमेकांसाठी आखलेली असतात. आपल्याच जिल्ह्यात चाकणला गाड्या बनवणाऱ्या फोक्सवॅगन-स्कोडा गटासह काही कंपन्यांच्या अनेक गाड्यांत मॉड्यूलला स्कॅनरवरून ‘या जागी आता एलईडी आहे’ असं सांगताही येतं. वॉरंटी सांभाळून, जाणकाराकडून केलं तर हा उपाय रोधापेक्षा केव्हाही बरा. मात्र करणाऱ्याला विचारून घ्यावं, की नवी रेघ आखून देताय की तपासणीच बंद करताय? बऱ्याचदा दुसरंच होतं.

एलईडी लावायचाच तर काचेच्या रंगाचा लावावा. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा आणि पिवळा भरपूर, लाल त्या मानाने थोडा. तापलेल्या तारेच्या उजेडात लाल मुबलक. लाल काचेमागे पांढरा एलईडी लावला तर काच त्याचा बहुतेक उजेड गिळते आणि उरतो तो फिकट, गुलाबीसर. आणि चिन्ह आलं की लगेच एलईडीवर खापर फोडू नये. छोटा खाचेचा एलईडी उलटा बसला तर लागतच नाही, काढून फिरवून लावावा. पावसाळ्यानंतर होल्डरमधला अर्थ हिरवा पडलेला असतो, तो आधी घासावा.

हेडलाइटचं प्रकरण वेगळं आणि जास्त गंभीर आहे. हॅलोजनसाठी घडवलेला परावर्तक तारेच्या नेमक्या जागेवरून आखलेला असतो. एलईडीची चिप त्या जागेपासून मिलिमीटरभर हलली तरी खाली पडायचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 106 याबाबत नेमका आहे: दिव्यापासून 8 मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला झोताने दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे सायकलवरून शेतात पाणी धरायला निघालेल्या माणसाचे डोळे. स्वस्त एलईडीचं ड्रायव्हर सर्किट रेडिओतही खरखर घालतं. हेडलाइट लावली की बारामतीची ‘वसुंधरा वाहिनी’ ऐकू येईनाशी झाली, तर दोष त्या केंद्रात शोधू नये.

मी शेवटी काय केलं? मागचे इंडिकेटर आणि ब्रेक लाइट पुन्हा 21 वॅटचे बल्ब झाले. एलईडी लावला तो फक्त गाडीच्या आतल्या दिव्यात, जिथे तपासणी नव्हती. नंबरप्लेटलाही जुने बल्ब परत लावले आणि काकूंना दिसणारं लुकलुकणं थांबलं.

वायरमनने बल्ब बसवले, इंडिकेटर दिला, चाल सावकाश झाली होती. मी पैसे काढायला लागलो तर तो म्हणाला, “थांबा, एवढ्यावर नका निघू.” त्याने भावाला मागच्या होल्डरमधून एक बल्ब काढायला सांगितला. बल्ब बाहेर आला तशी टिकटिक पळायला लागली, पिवळं चिन्ह उमटलं. परत बसवला, चाल जागेवर आली, चिन्ह गेलं. दुसऱ्या बाजूलाही तसंच करून पाहिलं, मग ब्रेकचा बल्ब काढून पाहिला. तिन्ही वेळा गाडीने बरोबर सांगितलं. “आता जावा,” वायरमन म्हणाला, आणि आम्ही निमगाव केतकीच्या दिशेने निघालो.