पंख फरफटणारा पक्षी
मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोर्तुगालला, ताविराजवळच्या बेटावर गेलो होतो. लेकीला वाळूचा किल्ला करायचा होता, मला नुसतं लोळायचं होतं. कोरड्या वाळूवर चादर अंथरली, तेवढ्यात एक छोटासा पक्षी पंख फरफटत समोरून चालू लागला.

"बाबा, त्याला लागलंय!" लेक त्याच्यामागे धावली. ती जवळ गेली की तो पुढे सरकायचा. बराच लांब गेल्यावर मात्र भुर्रकन उडाला!

तो होता केंटिश चिखल्या. त्याला काहीच लागलं नव्हतं. आपल्याला घरट्यापासून लांब न्यायचं, म्हणून हे नाटक! घरटं म्हणजे वाळूतला एक छोटा खळगा. त्यात बहुतेक वेळा ३ अंडी असतात. ती वाळूच्याच रंगाची, ठिपकेदार असतात, त्यामुळे चटकन दिसत नाहीत. पायाखाली येऊ शकतात. पण आपण नुसते जवळ बसलो, तरी धोका असतो. पक्षी घाबरून परत येत नाही, उघडी अंडी उन्हात तापतात आणि आतलं पिल्लू मरू शकतं.

आम्ही लगेच चादर उचलली आणि पाण्याजवळ गेलो. लेक जरा कुरकुरली. (खरं तर किल्ला ओल्या वाळूचाच चांगला होतो.) थोड्या वेळाने दुर्बिणीतून पाहिलं, तर चिखल्या आमच्या जुन्या जागेपासून चार पावलांवर शांत बसला होता.