सड्यावरची रेंज आणि वर्गमूळ दोन

आठवीच्या गणिताचा पहिला पाठ परिमेय आणि अपरिमेय संख्यांचा. त्यात √२ संख्यारेषेवर दाखवायचा असतो. शून्यापासून एक एकक अंतरावर लंब काढायचा, लंबावर एक एकक मोजायचं आणि तो बिंदू शून्याला जोडायचा. हा कर्ण √२ लांबीचा. मग कंपासचं टोक शून्यावर ठेवून तेवढ्याच त्रिज्येचा कंस मारला की तो रेषेला छेदतो तिथे √२. दशांशात लिहायला घेतली तर कधीच न संपणारी संख्या कंपासच्या एका फिरकीत जागेवर येऊन बसते, याचं तेराव्या-चौदाव्या वर्षी खरंच नवल वाटतं. मला हा तास फार आवडतो.

२०२० साली तो फोनवरून घ्यायचा होता. करोनामुळे मार्चच्या मध्यावर शाळा बंद झाल्या, पहिली ते आठवीच्या वार्षिक परीक्षा रद्द झाल्या आणि मुलं वरच्या वर्गात गेली. सातवीच्या पुस्तकात पायथागोरसचा सिद्धांत दुसऱ्या सत्रात, पार शेवटाकडे येतो. म्हणजे √२ ची सगळी रचना ज्याच्यावर उभी, तोच पाठ बहुतेकांचा राहिला होता. कुठलं ॲप घ्यायचं, माइक कुठला चांगला, याचीच चर्चा तेव्हा शिक्षकांच्या गटांवर चालू होती. ती मला दुय्यम वाटत होती. वहीतलं कुठलं पान कोरं राहिलंय, हे आधी बघायला हवं होतं. म्हणून मी वेळापत्रकात पायथागोरस आधी घेतला आणि √२ पुढे ढकलला.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि आमच्या दापोली-मंडणगड भागाची दैना झाली. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौलं आणि शाळांचे पत्रे उडाले, विजेचे खांब ओळीने पडले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मोबाइलचे टॉवर मुके झाले होते. जनरेटर असलेल्या घरी फोन चार्ज करायला माणसं उभी असत. ऑनलाइन शाळेचा विचार करायची ही वेळ नव्हे असं कुणी म्हटलं असतं, तर त्यात काही गैर नव्हतं. पण शाळा सुरू व्हायची १५ जून ही तारीख मुलांच्या अंगवळणी पडलेली असते. त्या सुमारास शाळेकडून काहीतरी यायला हवं, अशी वाट ती बघत असतात.

टॉवर थोडेफार जागे झाल्यावर मी पटावरच्या प्रत्येक घरी फोन लावायला सुरुवात केली. रजिस्टरमध्ये रकाने आखले: फोन कोणाचा, बटणाचा की टचचा, घरी किती वाजता असतो, रेंज कुठे मिळते, रिचार्ज संपतो कधी, घरात शिकणारी भावंडं किती. हे रकाने भरताना गावाचं एक वेगळंच चित्र दिसू लागलं. टाळेबंदीत मुंबईचे चाकरमानी गावी आले होते, त्यांच्यातले काही आमच्याच शाळेच्या खोल्यांत विलगीकरणात राहून गेले होते. त्यामुळे गावात टचचे फोन पूर्वीपेक्षा जास्त होते. पण त्या माणसांचे पगार थांबले होते आणि नेटपॅक हा खर्च घरात सगळ्यात शेवटी धरला जात होता. “बाई, फोन हाय, पण त्यात काय नाय,” असं एका आईने सांगितलं. ते मी शेऱ्याच्या रकान्यात तसंच्या तसं लिहून ठेवलं.

रेंजच्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच शब्द येत होता: सडा. वाडी खाली खोलात, घरं झाडीत, आणि वरच्या कातळाच्या सड्यावर गेलं की दोन कांड्या दिसतात. मुलगे सड्यावर जायला एका पायावर तयार होते. मुलींच्या घरून मात्र लगेच प्रश्न आला: किती वाजता, कोणाबरोबर, पाऊस असला तर? प्रश्न रास्त होता. सकाळी दहाला थेट तास ठेवला असता, तर ज्यांचा फोन वडिलांबरोबर कामावर जातो ती मुलं गेली असती, आणि संध्याकाळी ठेवला असता तर मुली. झूमच्या मोफत खात्यावर सभा ४० मिनिटांनी तुटते अशी तक्रार शहरातले शिक्षक करत होते. आमच्याकडे सलग चार मिनिटं आवाज नीट आला तरी भाग्य. अर्ध्या वर्गाला आपोआप गैरहजर ठरवणारी वेळ मी नेमणार नव्हते. थेट तासाचा विचार मी तिथेच सोडला आणि छोटे व्हिडिओ, आवाजी निरोप आणि फोन यांवर भर द्यायचं ठरवलं. पुढे जुलैत केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना आल्या. त्यात आठवीपर्यंतच्या मुलांसाठी थेट तासांना दिवसाकाठी ३० ते ४५ मिनिटांच्या दोन सत्रांची मर्यादा होती. ती वाचून बरं वाटलं.

तयार साहित्य नव्हतं असं नाही. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’वरचे व्हिडिओ उघडतात, एससीईआरटीची रोजची अभ्यासमाला व्हॉट्सॲपवर येत होती. त्यातलं बरंचसं उपयोगी होतं आणि मी ते पाठवतही होते. पण अडलेलं मूल ओळखीच्या आवाजाकडे वळतं. सुपर्णाच्या वहीत कोन नेहमी थोडा तिरका येतो आणि ओंकार कंपास सैल धरतो (नावं बदलली आहेत), हे त्या व्हिडिओंना कुठून ठाऊक असणार?

चित्रीकरणाची जागा म्हणजे खिडकीशी ठेवलेलं टेबल. दोन बाजूंना पुस्तकांची चळत, वर आडवी पट्टी, पट्टीवर फोन असा ठेवायचा की मागचा कॅमेरा खाली कागदाकडे बघेल. मी उजव्या हाताने लिहिते, म्हणून खिडकी डाव्या हाताला हवी; नाहीतर हाताची सावली नेमकी कंसावर पडते. पेन्सिलीची रेघ छोट्या पडद्यावर दिसत नाही, तेव्हा कंपासमध्ये बारीक काळा स्केचपेन बसवला. फोकस एकदा कागदावर धरून कुलूपबंद करायचा, कारण हात मध्ये आला की कॅमेरा गोंधळतो. पावसाची जोराची सर आली की थांबायचं, पत्र्यावरच्या आवाजापुढे माझा आवाज टिकत नाही.

फोनचं डोकं माझ्यापासून पलीकडे ठेवलं की पडद्यावर कागद सुलटा येतो आणि माझा हात बघणाऱ्याच्याच बाजूने आत शिरतो. फळ्यावर मी लाकडी मोठा कंपास खडू लावून फिरवते तेव्हा मुलं लांबून बघत असतात; मागच्या बाकाला तर माझी पाठच दिसते. इथे त्यांच्या कंपासपेटीतला कंपास, त्यांच्या वहीसारखा कागद, आणि हात जणू त्यांचाच. टोक नेमकं कुठे टेकलं, दोन बोटांनी वरची गुंडी कशी धरली, कागदाला हात कसा लावायचा, हे वर्गात इतक्या जवळून कधीच दिसत नाही. रचना शिकवायला वरून धरलेला कॅमेरा फळ्यापेक्षा सरस आहे, हे मी अनुभवाने सांगते. शाळा पुन्हा भरल्यावरही तो वापरायचा, हे मी तेव्हाच ठरवलं.

पडद्यावर लांबी मात्र हरवते. माझं एक एकक कोणाच्या फोनवर दोन बोटं तर कोणाच्या फोनवर नखाएवढं. फळ्यावर ‘एवढं’ म्हणून भागतं, इथे भागत नाही. म्हणून प्रत्येक रचनेआधी पट्टी कागदावर ठेवून बोलायचं: आपलं एकक ५ सेंटिमीटर. मग कर्ण साधारण ७.१ सेंटिमीटर यायला हवा, म्हणजे मुलाला स्वतःची रचना घरीच पट्टीने तपासता येते. मी शेजारी नसताना बरोबर-चूक ठरवायला त्याच्या हातात काहीतरी हवंच होतं.

लांबीइतकाच विचार कुठे थांबायचं याचा केला. तेव्हा व्हॉट्सॲपवर १६ एमबीपेक्षा मोठा व्हिडिओ जात नसे, त्यामुळे तीन मिनिटांच्या आसपास आवरतं घ्यावं लागे. ही अट मला जाचक वाटली नाही. √२ च्या पाठात मी लंबावर एक एकक मोजते, कर्ण जोडते आणि विचारते, “ही रेघ किती लांब? आधी कागदावर काढ, पायथागोरस लाव, मग पुढचा व्हिडिओ उघड.” इथेच कापायचं. वर्गात या प्रश्नानंतर पुढच्या बाकावरचे दोघे लगेच उत्तर देतात आणि बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो. फोनवर कोणी कोणाच्या आधी ओरडत नाही. ओंकारला दहा मिनिटं हवी असतील तर ती त्याची आहेत.

व्हिडिओ पाठवायची वेळ ठेवली संध्याकाळी सात, फोन घरी परतायची. उतरवून घ्यायला मोठा भाऊ किंवा वडील सड्यावर जाऊन आले तरी चालेल, बघायचं मात्र घरात, रेंज नसताना. वहीचा फोटो दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पाठवायचा. बटणाच्या फोनवाल्या घरांसाठी तीच रचना पायरीपायरीने कागदावर काढून, प्रत एका पिशवीत घालून रेशन दुकानात ठेवायची आणि ठरल्या दिवशी मी स्वतः फोन करायचा. त्या कागदाच्या तळाशी दोन ओळी रिकाम्या सोडल्या आणि वर लिहिलं, ‘कुठे अडलं ते इथे लिही.’ रकाने भरून झाल्यावर अशा घरांची यादी वेगळी काढली. तास सुरू होण्याआधी पहिले फोन त्याच घरी लावायचे होते.