सामाईक उपकरणे आणि विज्ञानाचे शिक्षण

आपल्या नागपुरातील लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था मँगनीजच्या पैशावर उभी आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे खाणमालक. त्यांनी मृत्युपत्राने आपली मोठी संपत्ती उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठास दिली आणि १९४२ साली संस्था निघाली. दात्याविषयी आम्हांस आदर आहे. ते खनिज खणणाऱ्या मजुरांचाही त्या देणगीत वाटा होता, एवढे नोंदवून पुढे जातो.

एका देणगीत प्रयोगशाळा उभी राहील. पण पुढे ती चालवायची कोणी? रेणूची रचना उलगडून दाखवणारे चुंबकीय अनुनादाचे यंत्र घ्या. त्यातील अतिवाहक चुंबक द्रवरूप हेलियममध्ये, म्हणजे शून्याखाली सुमारे २६९ अंशांवर, रात्रंदिवस ठेवावा लागतो. गिरणीतले माग थांबले तरी बॉयलरखालचा विस्तव लगेच विझवीत नाहीत, तसाच हा प्रकार. महिन्याला चार नमुने तपासा की चारशे, हेलियमचा खर्च जवळपास तोच. एका महाविद्यालयाला तो झेपत नाही, दहांना मिळून झेपेल.

हे ओळखून केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९७०च्या दशकात प्रादेशिक उपकरण केंद्रांची योजना आखली. त्यांपैकी एक केंद्र नागपूर विद्यापीठात झाले. शुल्क भरा, नमुना पाठवा, आलेख मिळवा, अशी व्यवस्था. संशोधकाची सोय झाली खरी. पण नुसता नमुना टपालाने पाठवणारा विद्यार्थी यंत्रापाशी उभा राहून काय शिकणार? पुण्याची ‘आयुका’ १९८८ साली विद्यापीठांसाठीच स्थापन झाली. तेथे इतर ठिकाणचे अध्यापक येऊन राहतात, काम करतात आणि आपल्या वर्गात परततात. आमच्या मते सामाईक म्हणावे ते याला.

एका शाळेत आम्ही नवा कोरा सूक्ष्मदर्शक कुलपात पाहिला. फुटला तर भरपाई पगारातून जाईल, या धास्तीने गुरुजी तो बाहेर काढीत नव्हते. त्यांना दोष कसा द्यावा? दुरुस्तीची तरतूद नसेल, यंत्र सांभाळणारा कारागीर सहा-सहा महिन्यांच्या करारावर असेल, तर लाखाच्या यंत्राचीही तीच गत. म्हणून नवे यंत्र मागणाऱ्यांनी त्याच अर्जात त्या कारागिराचा कायम पगार, दुरुस्तीचा निधी आणि सावनेर-उमरेडहून येणाऱ्या मुलांचे एस.टी.चे भाडेही मागावे. संध्याकाळचे दोन तास शाळांसाठी राखावेत, ही मागणी आम्ही शेवटी जोडतो.