चिमणीवरचं सागवानी खोकं

१४.२ किलोचा घरगुती गॅस सिलिंडर रिकामा होतो, तोवर त्यातून सुमारे २२ लिटर पाणी तयार झालेलं असतं. गॅसमधून पाणी? हो! एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. जळताना त्यांच्यातल्या हायड्रोजनची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते आणि वाफ होऊन सगळं वर जातं. आमटी-भाताची वाफ निराळीच. आणि नेमकं तिथेच, चिमणीचा पत्रा झाकायला, सागवानी खोकं बसवायचं? लाकडाला याहून अवघड जागा घरात सापडणार नाही. तरी ते वर्षानुवर्षं टिकतं. कसं?

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. झाड उभं असताना यांतूनच पाणी वर चढायचं. झाड तोडा, फळी काढा, रंधा मारा. त्या नळ्यांच्या भिंती हवेतली ओल शोषत आणि सोडत राहतातच. पावसाळ्यात फळी फुगते, उन्हाळ्यात आकसते. पण गंमत बघा, हे सगळं रुंदीत आणि जाडीत. लांबीत जवळजवळ काहीच नाही!

मग फुगणाऱ्या फळीला चारी बाजूंनी जखडलं तर? ती तडकणार. म्हणून जाणता सुतार चौकटीला आतून खाच पाडतो आणि फळी तिच्यात नुसती सरकवतो, डिंकाचा थेंबही न लावता. फळी आतल्या आत हलते, बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. प्लायवूडची युक्ती याच्या उलट. पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवायचे. एकाची न हलणारी लांबी शेजारच्याची हलणारी रुंदी धरून ठेवते. आणि तो डिंक किती चिवट? मरीन प्लायचा तुकडा ७२ तास पाण्यात उकळून त्याची परीक्षा घेतात!

आता कोपरा. समजा, समोरची आणि बाजूची फळी वर जाताना ३० अंश आत कलते आहे. खाली आडवा गुण्या लावा, कोपरा चोख ९० अंशांचा. तोच गुण्या कोपऱ्याच्या तिरक्या कडेला काटकोनात धरा, तर फट दिसते: तिथे कोन १०४.५ अंशांचा भरतो. एकच कोपरा, दोन कोन! म्हणून फळीची कड ४५ नाही, सुमारे ३८ अंशांत कलती कापावी लागते.

हे जड खोकं भिंतीला धरून राहतं तेही बघण्यासारखं. एक जाड पट्टी ४५ अंशांत उभी चिरली की दोन तिरकस पट्ट्या मिळतात. एक भिंतीत पक्की करायची, दुसरी खोक्याला, आणि खोकं वरून अडकवायचं. त्याचं स्वतःचं वजनच त्याला भिंतीकडे ओढतं.

आणि आग? तेल, वाफ आणि धग झेलायचं काम आतल्या धातूच्या चिमणीचं आणि तिच्या पाइपाचं. लाकूड फक्त बाहेरून, ज्योतीपासून लांब. शेगडीपासूनचं अंतर चिमणीच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. ते एक इंचानेही कमी करू नका. आणि सुताराकडे नक्षी ठरवायला बसाल, तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: लाकडाला हलायला जागा कुठे ठेवली आहे?