अठरा बाळांमागे एक

अडीच किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम 200 मिली. चहाचा मोठा कप भरेल, एवढंच. आणि ई. कोलाय नावाचा जंतू प्रयोगशाळेत, पोटभर खायला मिळालं की दर 20 मिनिटांनी दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार. दिवेलागणीला एकटा असलेला जंतू दहा तासांनी, पहाटे कोंबडा आरवेपर्यंत, 107 कोटी 37 लाख 41 हजार 824 झालेला असतो. बाळाच्या रक्तात त्याला इतकं मोकळं रान मिळत नाही, शरीर झुंजत असतं. पण चार दिवसांच्या, कमी वजनाच्या जिवाचं बळ ते केवढं! बाळ संध्याकाळी अंगावर प्यायचं सोडतं, घरातले म्हणतात, ‘सकाळी बघू.’ त्या दोन शब्दांची मला फार भीती वाटते.

2022 साली जगभरात सुमारे 23 लाख बाळं जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांत गेली. रोजची सहा हजारांवर. हा परिच्छेद वाचून होईतो एक गेलेलं असतं.

एवढा मोठा आकडा मनात मावत नाही. म्हणून गडचिरोलीकडे वळते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995-96 मध्ये तिथल्या 39 गावांतली 763 नवजात बाळं घरी जाऊन तपासली, नोंदी ठेवल्या. जवळजवळ निम्म्या बाळांना जिवावर बेतेल असं काहीतरी झालं होतं. डॉक्टरपर्यंत पोचली शंभरातली तीनसुद्धा नाहीत. 763 पैकी 40 दगावली.

डॉक्टर गावात नव्हते, बाया होत्या. मग त्यांनाच शिकवायचं ठरलं. संस्थेने त्याआधीच, न्यूमोनिया ओळखण्यासाठी, श्वास मोजायचं एक साधन केलं होतं. बाळ मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल तर धोका. पण अनेक सुइणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. त्यांना एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी दिले. छाती वरखाली होताना बघायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा, सहावा लाल मणी सरकला, की बाळ आजारी. माझ्या दृष्टीने या सगळ्या हकिकतीतलं सर्वांत मोठं गणित हेच: दहापर्यंत मोजता येणारी बाई आणि सहा मणी.

नवजात बाळांसाठी गावातल्याच बायका ‘आरोग्यदूत’ झाल्या. घरी जायचं, हात साबणाने धुवायचे, वजन घ्यायचं, तळपाय गार लागतात का बघायचं. काल जोरात रडणारं बाळ आज क्षीण रडतंय? ओढून पिणारं आज तोंडच लावत नाही? अंग लुळं पडलंय, नाळेतून पू येतोय? अशी ठरवून दिलेली दोन लक्षणं एकदम दिसली की जंतुसंसर्ग धरायचा. दवाखान्यात न्यायला सांगायचं, आणि घरचे नेत नसतील तर त्यांच्या संमतीने घरीच जेन्टामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडावाटे प्रतिजैविक सुरू करायचं. लिहिता-वाचता येणाऱ्या खेड्यातल्या बाईच्या हाती इंजेक्शन द्यायला केवढं धैर्य लागलं असेल!

निकाल 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उपचार सुरू होण्याआधी जंतुसंसर्गाच्या 163 बाळांपैकी 27 गेली होती. नंतरच्या 71 पैकी फक्त 2. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचं प्रमाण शेजारच्या, ही सेवा नसलेल्या गावांच्या तुलनेत 62 टक्क्यांनी घटलं होतं. खर्च बाळामागे 5.3 डॉलर.

2011 पासून हे काम देशभर आशाताई करतात, तिथे इंजेक्शन नसतं, पण तपासणी आणि वेळेवर दवाखाना असतो. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. घरी जन्मलं तर पहिल्या दिवशी आणखी एक. देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात. प्रत्येकाच्या सहा भेटी धरल्या तर बारा कोटी वेळा कुणीतरी उंबरा ओलांडून दुपटं बाजूला सारायला हवं.

गडचिरोलीतल्या त्या गावांत 1997-98 मध्ये सांभाळलेल्या दर 18 बाळांमागे एक मृत्यू टळला, असा हिशेब निघाला. ती अठराही मुलं आता पंचविशी ओलांडून गेलीत. त्यांतलं वाचलेलं नेमकं कोणतं, हे त्यांच्या आयांनाही सांगता येणार नाही.